कानामागून नव्हे, कानातून

वसई स्टेशनाच्या पूर्वेला उतरून सातिवलीच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात गाळे सुरू होतात. प्लास्टिकचे साचे, पत्र्याची कापाकापी, पॅकिंगचे खोके, आणि पलीकडे महामार्गावर अहमदाबादच्या दिशेने धावणारे ट्रक. इथल्या एखाद्या कामगाराचा कान वाहू लागला तर तो आधी मेडिकलमधून थेंब आणतो. ते संपले की घरात लसूण घालून तेल कोमट केले जाते. त्यानेही भागले नाही की कानात कापसाचा बोळा बसतो आणि तो वर्षानुवर्षे तिथेच राहतो, कारण पू येणाऱ्या कानाला सहसा ठणका नसतो, आणि जे दुखत नाही त्यासाठी खाडा करणे परवडत नाही. शेवटी कोणीतरी डॉक्टर सांगतात, ‘पडद्याला भोक आहे, ऑपरेशन करावे लागेल.’ तेव्हा घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कानामागे कापणार का?

आज या प्रश्नाला अनेकदा ‘नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर तयार व्हायला दीडशे वर्षे लागली. गंमत अशी की, त्यातला निर्णायक भाग कानाच्या शस्त्रक्रियेच्या जुन्या नामांकित पेढ्यांवर घडला नाही. तो मार्सेय, दुबई, मोडेना अशा ठिकाणी घडला, आणि आपल्याकडे त्याचा एक महत्त्वाचा तुकडा घडला तो तळेगाव दाभाड्यात.

आधी जागा समजून घेऊ. कानाचा बोगदा जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब, तोही वाकडा. त्याच्या टोकाला नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचा पडदा. पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली चिंचोळी पोकळी, आणि तिच्यात शाळेच्या पुस्तकात पाठ केलेली ती तीन हाडे: हातोडी, ऐरण, रिकीब. रिकीब तर अवघी तीन मिलिमीटरची. शरीरातले सर्वांत लहान हाड. या पोकळीला वरच्या बाजूला पोटमाळ्यासारखी एक जागा आहे (डॉक्टर तिला ‘अ‍ॅटिक’च म्हणतात), आणि मागच्या भिंतीत ‘सायनस टिम्पनी’ नावाची खोल खोबण आहे. बाजूने चेहऱ्याची नस जाते. छताच्या पातळ हाडापलीकडे मेंदू आहे. इतक्या मोक्याच्या जागा इतक्या दाटीवाटीने शरीरात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

वाहणारा कान दोन जातींचा असतो. एकात पडद्याला नुसते भोक असते. सर्दी झाली, आंघोळीचे किंवा तलावाचे पाणी गेले की पू येतो, औषधाने थांबतो, पुन्हा येतो. दुसरी जात वाईट. तिला कोलेस्टिएटोमा म्हणतात. पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन मध्यकर्णात वाढू लागते, तिथे साचते आणि आजूबाजूचे हाड खात जाते. आधी ऐरण जाते, मग कधी चेहरा वाकडा होतो, आणि दुर्लक्ष झालेच तर संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचतो. या दुसऱ्या जातीच्या भीतीपोटीच कानामागची ती चीर जन्माला आली.

डब्लिनचे डॉक्टर विल्यम वाइल्ड यांनी १८५३ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेवर एक ग्रंथ लिहिला. कानामागच्या हाडात पू साचून जीव जाण्याची वेळ आली की तिथे चीर देऊन तो बाहेर काढायचा, ही त्यांची पद्धत. ती चीर आजही ‘वाइल्ड इन्सिजन’ म्हणून पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांचा मुलगा म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्ड. त्याच्यावर ऑक्टोबर १९०० मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खोलीत कानाचीच शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर काही आठवड्यांत मेंदूच्या आवरणांना सूज येऊन तो गेला. तो आजार कानातूनच पसरला का, यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. मला तरी कानाकडे बोट दाखवणाऱ्यांचे म्हणणे अधिक पटते. मधल्या काळात, १८७३ मध्ये, जर्मनीतील हाले शहरात हेरमान श्वार्ट्झ यांनी कानामागचे हाड पद्धतशीर उघडण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. तिचा हेतू एकच, रोगी जगवणे. त्याला पुढे ऐकू येईल की नाही, हा त्या काळी चैनीचा प्रश्न होता.

ऐकू येण्याचा विचार सुरू झाला तो सूक्ष्मदर्शकामुळे. स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ निलेन यांनी १९२१ मध्ये एका डोळ्याने पाहायचा सूक्ष्मदर्शक कानाच्या शस्त्रक्रियेत वापरला. पुढच्याच वर्षी त्यांचे वरिष्ठ गुन्नार होल्मग्रेन यांनी दोन डोळ्यांचा आणला. १९५३ मध्ये झाइस कंपनीने शस्त्रक्रियेसाठी खास बनवलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आला, आणि त्याच सुमारास जर्मनीतील वुलश्टाइन आणि त्सोलनर यांनी फाटलेला पडदा पुन्हा बसवण्याचे, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टीचे, शास्त्र घडवले. कानाच्या वर कानशिलाशी जो स्नायू असतो त्याचे पातळ आवरण काढून त्याचा पडदा करायचा, ही १९५० च्या दशकाअखेर आलेली युक्ती आजही जगभर चालते. आपल्याकडच्या शिकवणाऱ्या रुग्णालयांतही हेच शास्त्र रुजले. पण सूक्ष्मदर्शक जड, महाग, एका जागी बसवलेला. तो जिथे, तिथेच कानाची शस्त्रक्रिया. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्येच पोहोचली होती, त्यामुळे वसई-विरारकडच्या रुग्णाला मुंबई गाठता येत होती. पण तपासणी, तारीख, ऑपरेशन, पट्टी, टाके असे प्रत्येक कामाचे हेलपाटे वेगळे.

सूक्ष्मदर्शकाची खरी अडचण मात्र वजनाची नाही, रेषेची आहे. तो कानाच्या बाहेर उभा राहून आत पाहतो. प्रकाश सरळ जातो आणि नजरही सरळच जाते. म्हणजे बोगद्याचा सर्वांत अरुंद भाग जेवढे दाखवील तेवढेच दिसते. कोपऱ्यामागचे पाहायचे असेल तर कोपराच काढून टाकावा लागतो. म्हणून कानामागे चीर द्यायची, कान पुढे दुमडायचा, ड्रिलने निरोगी हाड घासून वाट मोठी करायची. एवढे करूनही पोटमाळा आणि ती मागची खोबण पुरती दिसत नाही. तिथे त्वचेचा एक कण राहिला तरी कोलेस्टिएटोमा पुन्हा उगवतो, म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा कान उघडून पाहण्याची प्रथा पडली. यात मला सर्वांत लागणारी गोष्ट ही की, त्या चिरेतला बराचसा भाग रोग काढण्यासाठी नसायचाच. तो नुसता पाहण्यासाठी असायचा.

आता काचेकडे वळू, कारण कोपऱ्यामागे पाहणारी दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, तिच्यातूनच आली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये त्यांनी आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या तरुणाने काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते असा निबंध छापला. वाकणाऱ्या दुर्बिणीचा पाया तो. कानाच्या दृष्टीने मात्र हॉपकिन्स यांचे दुसरे काम मोलाचे ठरले. लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गाउ यांना मूत्राशयाच्या आतले स्वच्छ छायाचित्र हवे होते. जुन्या दुर्बिणीत लांब नळी, तिच्यात अंतराअंतरावर बारीक भिंगे आणि मधे हवा अशी रचना होती. प्रकाश वाटेतच मरायचा. हॉपकिन्स यांनी ती रचना उलटी केली. नळीत काचेच्या लांब कांड्या भरल्या आणि त्यांच्या मधल्या हवेच्या फटींनाच भिंगाचे काम दिले. प्रकाश कितीतरी पट वाढला. इंग्लंडात कोणी हे बनवायला धजेना. शेवटी जर्मनीतील तुटलिंगेन गावच्या कार्ल श्टॉर्झ यांनी १९६५ च्या सुमारास ते हाती घेतले, आणि काही वर्षांत ही काचेची कांडी पोटात, सांध्यात, मूत्राशयात सगळीकडे शिरली.

कानात मात्र ती फार उशिरा शिरली. १९६७ मध्ये अमेरिकेत मेर आणि सहकाऱ्यांनी काचतंतूंची बारीक दुर्बीण पडद्याच्या भोकातून आत घालून मध्यकर्ण पाहिला. १९८२ मध्ये जपानात नोमुरा यांनी पडद्याला छोटी चीर देऊन सुईसारख्या दुर्बिणीने आतली छायाचित्रे घेतली. दोन्ही ठिकाणी हेतू पाहण्याचा होता, करण्याचा नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली वाढलेल्या पिढीला दुर्बीण हे निदानाचे खेळणे वाटे.

आणि मग मदत आली ती शेजाऱ्याकडून, म्हणजे नाकाकडून. ऑस्ट्रियातील ग्राझमध्ये वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी नाकाच्या दुर्बिणीचे शास्त्र उभे केले होते. १९८५ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी ते इंग्रजीभाषक डॉक्टरांपुढे ठळकपणे मांडले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सायनसची शस्त्रक्रिया म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया असे समीकरणच झाले. तालुक्याच्या गावातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञानेही चार मिलिमीटर जाडीची, अठरा सेंटीमीटर लांबीची दुर्बीण, प्रकाशाची पेटी, कॅमेरा आणि टीव्हीचा पडदा असा संच घेतला. घेतला नाकासाठी; पण कपाटात तो एकदा आला की त्याच टेबलावर झोपलेल्या पुढच्या रुग्णाच्या कानात डोकावायला कोण अडवणार? कानाच्या दुर्बिणीचा प्रसार समजून घ्यायचा तर परिषदांच्या ठरावांपेक्षा हे कपाट जास्त महत्त्वाचे आहे, असे माझे मत आहे.

डोकावण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतची उडी १९९० च्या दशकात पडली. मार्सेयच्या जे. एम. टोमासाँ यांनी सूक्ष्मदर्शकाने कोलेस्टिएटोमा काढून झाल्यावर दुर्बिणीने कोपरे तपासायला सुरुवात केली आणि मागे राहणाऱ्या रोगाचे प्रमाण लक्षणीय घटते हे दाखवले. १९९२ मध्ये इजिप्तमधील एल-गिंदी यांनी दुर्बिणीने, बोगद्यातूनच, पडदा बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये दुबईच्या मुआझ ताराबिशी यांनी कोलेस्टिएटोमाची शस्त्रक्रियाच मुख्यतः दुर्बिणीने केल्याचा अहवाल छापला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. रोग पडद्यातून आत शिरतो, पोटमाळ्याकडे जातो. मग आपण त्याच्या मागच्या दाराने, दोन-तीन सेंटीमीटर निरोगी हाड फोडत का जायचे? त्याच्याच वाटेने जावे. तीस अंशांच्या, पंचेचाळीस अंशांच्या भिंगाने कोपऱ्यामागे वळून पाहावे. इटलीत मोडेना इथे लिव्हिओ प्रेसुत्ती आणि दानिएले मार्किओनी यांनी या वाटेने दिसणाऱ्या मध्यकर्णाचे नकाशेच नव्याने काढले. २०१५ मध्ये या विषयाची पहिली जागतिक परिषद दुबईतच भरली.

विरोध झाला, आणि तो सगळा हेकटपणाचा नव्हता. दुर्बिणीच्या टोकाशी उष्णता असते. मध्यकर्णाजवळ तीव्र प्रकाश फार वेळ रोखून धरणे धोक्याचे. चित्र सपाट दिसते, खोलीचा अंदाज येत नाही. भिंगावर वाफ धरते. पण सर्वांत मोठा आक्षेप हाताचा होता. सूक्ष्मदर्शकाखाली सर्जनचे दोन्ही हात मोकळे असतात, एकात रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी आणि दुसऱ्यात हत्यार. दुर्बिणीत डावा हात दुर्बीण धरण्यातच अडकतो. उरला एक. रक्त आले की हत्यार बाहेर, सक्शन आत. सक्शन बाहेर, हत्यार आत. तेवढ्यात पुन्हा रक्त भरते आणि भिंग लाल होते. नाकात हे खपून जाते, तिथे जागा आहे. कानात रक्ताचा एक थेंब म्हणजे सगळा देखावा बंद. ‘एका हाताची शस्त्रक्रिया’ हे शब्द टोमण्यासारखे वापरले जात.

इथे तळेगाव येते. मावळ तालुक्यातले तळेगाव दाभाडे म्हणजे सेनापती खंडेराव आणि उमाबाई दाभाड्यांचे गाव. आणखी एक गोष्ट या गावाच्या नावावर आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना इथेच १९०८ मध्ये निघाला. टिळकांच्या पिढीच्या स्वदेशीचे ते एक मूर्त रूप. त्या कारखान्याचा आणि हॉपकिन्सच्या कांडीचा काही संबंध नाही, पण काचेच्या इतिहासात या गावाचे नाव दोनदा यावे हे लिहिताना बरे वाटते.

या तळेगावात डॉ. मुबारक खान आणि डॉ. सपना परब यांचे सुश्रुत ईएनटी हॉस्पिटल आहे. नावही चपखल. सुश्रुतसंहितेत फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्या पंधरा पद्धती सांगितल्या आहेत. पडद्यामागे मात्र तेव्हा कोणाची नजर जाऊ शकत नव्हती. या जोडीने एका हाताच्या आक्षेपाला उत्तर म्हणून शब्द दिले नाहीत, एक यंत्र दिले. दुर्बीण माणसाने का धरायची? ती पकडून ठेवणारा, हव्या त्या कोनात वळून तिथेच स्थिर राहणारा धातूचा हात त्यांनी बनवला. त्याचे नाव एंडोहोल्ड. त्याची कल्पना, रचना आणि घडण सांगणारा त्यांचा लेख २०१५ मध्ये भारतीय कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नियतकालिकात आला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, अमेरिकेतून निघणाऱ्या ‘लॅरिंगोस्कोप’मध्ये त्यांनी या धारकाच्या मदतीने, दोन्ही हातांनी, पडदा बसवण्याची पद्धत मांडली.

त्या पद्धतीचा दुसरा भागही लक्षात घेण्यासारखा आहे. पडद्यासाठी कानशिलावरचे स्नायूचे आवरण घ्यायचे तर पुन्हा वर किंवा मागे चीर आलीच. त्याऐवजी कानाच्या भोकासमोर जी छोटी टोकदार उभारी असते, तिच्यातली कूर्चा घ्यायची. ती तासून पातळ काप करायचा आणि तिच्या आवरणासकट पडद्याच्या जागी बसवायचा. ही कूर्चा चिवट असते, सहज सुकत-आक्रसत नाही, आणि तिच्यासाठी दिलेली छोटी चीर त्या उभारीच्या आतल्या अंगाला लपते. कापलेली कूर्चा वापरण्याचे काम हे दोघे दुर्बिणीच्या आधीपासून सूक्ष्मदर्शकाखालीही करत होते. म्हणजे दुर्बीण आली आणि सगळे बदलले असे झाले नाही. आधीची कारागिरी हाताशी होती, तिला वाट मिळाली.

धारकावरही आक्षेप आहेत. स्थिर ठेवलेली दुर्बीण कानात असताना रुग्णाचे डोके हलले तर काय? भिंग पुसायला ती काढ-घाल करावी लागते, दुर्बीण जरा पुढे-मागे करून मिळणारा खोलीचा अंदाज जातो. जगभरातले अनेक दुर्बीणवाले सर्जन आजही एका हातानेच काम करतात आणि त्यांना त्याची सवय झाली आहे. पण ‘दोन हातांनी करताच येणार नाही’ हा जो शेवटचा शब्द म्हणून सांगितला जाई, तो तळेगावने खोडला. माझ्या मते ही नोंद आपल्या वैद्यकीय इतिहासात ठळक व्हायला हवी. नवे तंत्र परदेशातून येते, मुंबईत उतरते आणि मग लोकलने किंवा एसटीने गावाकडे जाते, असे आपण धरून चालतो. इथे त्या तंत्राच्या सर्वांत अवघड प्रश्नावरचे एक उत्तर मावळातून बाहेर गेले.

मग दुर्बीण जिंकली का? कानामागून आली नि तिखट झाली, असे म्हणायचा मोह होतो खरा, पण ते खरे नाही. साध्या भोकासाठी बसवलेला पडदा दुर्बिणीने असो वा सूक्ष्मदर्शकाने, टिकण्याचे प्रमाण साधारण सारखेच निघते, असे तुलना करणारे बहुतेक अभ्यास सांगतात. फरक पडतो तो मागच्या चिरेत, वेदनेत, डोक्याभोवतीच्या पट्टीत आणि कामावर परतण्याच्या दिवसांत. रोग कानामागच्या हाडात खोलवर पसरला असेल तर ड्रिल, सूक्ष्मदर्शक आणि वाइल्डची ती चीर अजूनही लागतेच. मुलाचा बोगदा फार अरुंद असेल, रक्तस्राव जास्त असेल, तरी शहाणा सर्जन हट्ट करत नाही. दोन्ही साधने येणारा आणि कधी कोणते खाली ठेवायचे हे कळणारा डॉक्टर हवा.

आणि प्रश्न छोटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात जगात साडेसहा कोटी ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात असा अंदाज होता, आणि भारत सर्वाधिक प्रमाणाच्या देशांत मोडत होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना ऐकू येण्यात लक्षणीय घट असते. सरकारचा बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. वसई-विरारला महापालिका मिळाली २००९ मध्ये, आणि ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. कागदावरच्या या घरांत कानाला जागा व्हायची तर जिल्ह्याच्या आणि पालिकेच्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा एखादा सूक्ष्मदर्शक बसण्याची वाट पाहत बसू नये. पेटीत मावणारी दुर्बीण आणि ती चालवायला शिकलेला तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस जरी सातिवलीसारख्या कामगार वस्तीजवळ बसला, तरी भोक कोणाचे आणि कोलेस्टिएटोमा कोणाचा हे त्याच दिवशी निवडता येईल. टीव्हीच्या पडद्यावर स्वतःचा कान पाहिलेल्या माणसाला ऑपरेशन का हवे हे फार समजावून सांगावे लागत नाही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरात किंवा गाळ्यावर कोणाचा कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल, तर त्यात तेल घालू नये, काडी-पिन फिरवू नये, पाणी जाऊ देऊ नये. पुवाला घाण वास असेल, चक्कर येत असेल, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडत असेल, किंवा तापाबरोबर डोके जोराने दुखत असेल, तर थांबूच नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. आणि ऑपरेशन सांगितले तर न बिचकता विचारावे: कान दुर्बिणीने पाहिला का, रोग कुठवर गेला आहे, आणि कानामागे चीर दिली नाही तर चालेल का? उत्तर ‘नाही’ आले तरी हरकत नाही, पण का नाही हे ऐकून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.